इंदूर : 2009 ची पेट्रोल गाडी कूलंटही संपवते आणि ऑइलही. हेड खोलायचं का?

रामबागकर
नमस्कार. जुन्या गाड्या जपणाऱ्या मंडळींकडून सल्ला हवा आहे, इंदूरच्या असतील तर फारच बरं.

गाडी 2009 ची, पेट्रोल, चार सिलिंडर, टायमिंग बेल्टवाली (म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा असलेली). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इतक्या वर्षांनी जे होतंय ते वयामुळे होतंय. सासऱ्यांनी हौसेनं घेतली होती, आता मी चालवते. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलंय, त्यामुळे 2029 पर्यंत कागदपत्रांची चिंता नाही. चिंता इंजिनाची आहे.

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत दोन-तीन आठवड्यांत उतरते. गाडीखाली थेंब नाही. शहरात काटा मध्यावर असतो, पण खंडवा रोडनं ओंकारेश्वरला जाताना एसी लावून भेरूघाट चढला की काटा वर सरकतो. एसी बंद केला की परत खाली. गाडी उभी केल्यावर कधीकधी बॉनेटपाशी गोडसर वास येतो. शिवाय ऑइल हजार किलोमीटरला साधारण पाऊण लिटर भरावं लागतं. सकाळी गाडी सुरू केली की मागून निळसर धुराचा एक भपकारा येतो, मग दिवसभर काही नाही.

एका गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं, डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पाहिली आणि सांगितलं, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय, इंजिन खोलावं लागेल. त्यांनी सांगितलेला आकडा गाडी विकून जे हातात येईल त्याच्या जवळ जातो. घरात दोन मतं आहेत. मला गाडी ठेवायची आहे. पण हेड खरंच गेलंय हे कळायचं कसं? आणि दाखवायची कोणाला?

जुना_फिटर
ताई, हेड इतक्यात खोलू देऊ नका. पिथमपूरला इंजिन जोडणीवर माझी उमेदीची वर्षं गेली, त्या भरवशावर सांगतो : हेड गॅसकेट गेलंय की नाही हे नुसतं बघून ठरत नाही, मोजावं लागतं. मोजायची साधनं काही महागही नाहीत.

दोन्ही एकदम कमी होतंय म्हणून कारणही एकच असणार, हे आधी डोक्यातून काढा. गाडीतले रबराचे पाइप, सील आणि पॅकिंग सगळे एकाच वयाचे असतात, थकतातही एकाच सुमाराला. तुमच्या वर्णनात हेड गॅसकेटकडे नेणारं पक्कं लक्षण मला एकही दिसत नाही.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना एवढं बघा. ऑइल भरायचं झाकण उघडा. आत आणि डिपस्टिकवर ताक घुसळल्यासारखा पांढुरका फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. मात्र फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर घाबरू नका, थंडीत छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की वाफ तिथे जमते. मग रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. सुरुवातीला दोनचार बुडबुडे येतीलच, पण ते थांबायचं नावच घेत नसतील तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. झाकण लावून थंड गाडी सुरू केल्यावर वरचा होज पाइप मिनिटभरात दगडासारखा टणक होत असेल तरी तोच संशय. सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा, गोड वासाचा धूर येतो का तेही बघा.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. अजिबात नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सुटलं की उसळून तोंडावर येतं.

हे सगळं ठीक निघालं तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवतात आणि झाकणावर छापलेला असतो तेवढाच दाब देतात, त्याहून जास्त नाही. पंधरा मिनिटं काटा स्थिर राहायला हवा. उतरला तर टॉर्च घेऊन शोधायचं. गाडीखाली थेंब नाही याचं आश्चर्य नको, गरम इंजिनावर पडलेलं कूलंट जागच्या जागी वाळून जातं. मागे हिरवट किंवा पांढरी पापडी राहते. वास तुम्हाला येतोय, म्हणजे बाहेर कुठेतरी ते सांडतंय.

देवासनाका
आधी रेडिएटरचं झाकण बदला, सगळ्यात स्वस्त इलाज. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो बार मधला दाब. जुन्याइतकाच आकडा घ्या. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी आणि धड झाकण, तिन्ही असेल तर उकळायला सव्वाशेच्या आसपास जावं लागतं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की ही सगळी सवलत गेली आणि घाटात नेमकं तेच जाणवतं. झाकणाला आत आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, इंजिन थंड झालं की तो बाटलीतलं कूलंट परत आत ओढतो. त्याचं रबर गेलं तर बाहेर गेलेलं कूलंट परत येत नाही.

सुखलिया_गॅरेजप्रेमी
इतकं कशाला? बाजारात गळती बंद करायचं औषध मिळतं, रेडिएटरमध्ये ओता. आणि ऑइल जरा जाड, 20डब्ल्यू50 भरा. माझ्या गाडीला दोन वर्षं चाललं.

जुना_फिटर
दादा, तुमचं चाललं याचा आनंद आहे, पण ताईंना हा सल्ला मी देणार नाही. ते औषध भोक कुठलं आणि नळी कुठली हे ओळखत नाही. हीटरच्या बारीक नळ्या आधी बुजतात, मग रेडिएटरच्या. ज्या गाडीचा काटा घाटात आधीच चढतोय तिच्या रेडिएटरची वाट आणखी अरुंद करणं धोक्याचं आहे. रस्त्यात अडकलात, घर गाठायचंय, तेव्हा एकदा ठीक. जाड ऑइलनं धूर थोडा कमी दिसेल, पण थंड सकाळी ते वर पोचायला वेळ लावतं, आणि इंजिनाची सगळ्यात जास्त झीज त्या पहिल्या क्षणांतच होते. ग्रेड पुस्तिकेत दिलाय तोच.

बडोदेकर
मी बडोद्याचा, पण अशीच गाडी घरात आहे म्हणून ऑइलबद्दल लिहितो. धूर कधी येतो यावरून पुष्कळ कळतं. रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला भपकारा आणि मग स्वच्छ, म्हणजे व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणाऱ्या टोप्या). ते रबराचे असतात, वयानं कडक होतात, रात्रभर ऑइल झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून खाली येऊन पुन्हा दाबल्यावर धूर आला तरी तेच. दाबून चालवताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा.

खात्री कॉम्प्रेशन टेस्टनं होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेज लावून मोजायचं. आधी कोरडी घ्या, मग ज्याचा आकडा कमी आहे त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत. आकडा चढला तर रिंगा गेल्यात. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे दोन्ही वेळा सारखेच खाली असतील तर मधलं गॅसकेट उडालेलं असू शकतं. तुमच्या हेडच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातून मिळेल.

पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, मात्र विसरू नका. सहसा टॅपेट कव्हरवर (इंजिनाच्या अगदी वरच्या झाकणावर) असतो, हातात घेऊन हलवला तर खुळखुळ वाजायला हवा. तो चिकटला की इंजिनाच्या पोटात दाब साचतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर ढकललं जातं. लोक सील बदलतात, महिनाभरात परत गळतं, कारण मूळ दाब तसाच राहिलेला असतो.

पाऊण लिटर खूप वाटतं हे खरं, पण काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. म्हणजे घाई नाही. दर पेट्रोलला डिपस्टिक बघत राहा.

माळव्याची_माती
गॅरेजबद्दल. नावं देत नाही, कारण एकाचा अनुभव दुसऱ्याला येतोच असं नाही. ओळखायचं कसं ते सांगते. फोन करून एवढंच विचारा : रेडिएटर प्रेशर टेस्टर आणि कॉम्प्रेशन गेज आहे का, आणि मी उभी असताना टेस्ट कराल का? ‘त्याची गरज नाही, आम्ही बघूनच सांगतो’ असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. टेस्टचे पैसे आनंदानं द्या, ते वसूल होतात. जुना पार्ट परत मागा. पार्ट स्वतः आणायचे असतील तर छोटी ग्वालटोलीत दुकानं आहेत, गाडीचं मॉडेल आणि इंजिन नंबर लिहून न्या. पॅकिंग आणि सील चांगल्या कंपनीचेच घ्या, तिथे शंभर-दोनशे वाचवू नका.

आणि घाटासाठी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आपल्याकडे तो फार पटकन मिळतो. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं.

रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळच्या परीक्षा केल्या : फेस नाही, बुडबुडे थांबले, पाइप मऊ. मग टेस्टर असलेल्या एका मिस्त्रींकडे गेले. त्यांनी माझ्यासमोर दाब दिला, काटा हळूहळू उतरला. टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला ओल दिसली, कव्हर उघडल्यावर वॉटर पंपाच्या छोट्या भोकाखाली हिरवी पापडी होती. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही चिरलेलं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये 160 ते 170 पीएसआयच्या दरम्यान. पीसीव्ही अजिबात वाजत नाही, आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या बाजूनं पाझरतंय. म्हणजे हेड खोलायचं कारणच नाही ना?

जुना_फिटर
नाही! वाचून फार बरं वाटलं. चारही आकडे इतके जवळ असतील तर रिंगा आणि गॅसकेट दोन्ही ठीक आहेत. पंपाचं ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, आतला सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. तुमच्या पंपानं सूचना दिली आणि ती कव्हरमागे लपून राहिली.

आता एक करा. पंपासाठी टायमिंग बेल्ट काढावाच लागणार, मग बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी चकती) आणि क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील त्याच खेपेला बदला. मजुरी एकदाच लागते. जुना बेल्ट परत चढवू देऊ नका, कूलंट लागलेला बेल्ट भरवशाचा नसतो, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनला आपटतात. मग मात्र हेड खरंच खोलावं लागेल.

पीसीव्ही आणि टॅपेट कव्हर पॅकिंग आत्ताच. व्हॉल्व्ह सील लगेच नको. हे दोन बदलून हजार किलोमीटर चालवा, किती ऑइल लागतं ते लिहून ठेवा. भपकारा तसाच राहिला तर सील घाला. त्यासाठीही हेड उतरवायची गरज नसते, सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरून ठेवतात आणि स्प्रिंग काढून वरूनच सील बदलतात. हे जमणारा माणूस शोधावा लागतो, पण सापडतो.

रामबागकर
मिस्त्री म्हणाले, पाणी नळाचंच घाला, नर्मदेचं आहे, चांगलं आहे. घालू? आणि घाटात काटा चढायचा तो आता थांबेल?

देवासनाका
पिण्याला उत्तम, रेडिएटरला नको. त्यातले क्षार आत थर धरतात, बोअरिंगचं पाणी तर त्याहून वाईट. डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं. नाहीतर तयार मिसळलेलं कूलंट घ्या, त्यात आणखी पाणी घालायचं नाही. रंगावर जाऊ नका, रंगाचा काही नियम नसतो. पुस्तिकेतला प्रकार बघा आणि आधीचं पूर्ण काढून, आतून धुऊनच नवं भरा, दोन जाती मिसळल्या तर कधीकधी आत गोळे धरतात.

काट्याचं म्हणाल तर पंप आणि झाकणानं बराच फरक पडेल. पण कूलंट काढलेलंच आहे तर रेडिएटर आणि त्याच्या पुढ्यातली एसीची जाळी (कंडेन्सर) यांच्यामधली फट बघून घ्या. तिथे धूळ आणि वाळका पाला बसतो, समोरून दिसत नाही. इंजिनाच्या बाजूनं पाण्याची हलकी धार मारायची, जोरात मारली तर जाळी वाकते. एसी लावल्यावर पंखा फिरतो का तेही बघा.

जुना_फिटर
भरताना हवा काढणं महत्त्वाचं आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड गाडी सुरू करा आणि सुरुवातीपासून हळूहळू कूलंट ओतत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, पुन्हा भरा. आता खालचा पाइप गरम लागेल. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावा, मगच पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना बाटली बघा. पहिल्या आठवड्यात थोडी उतरेल, ती उरलेली हवा असते. त्यानंतर उतरली तर परत टेस्टर लावायचा.

माळव्याची_माती
ताई, काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाला टाकू देऊ नका. चवीला गोड आणि जबर विषारी असतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल जिथे देता तिथे विचारा, घेतात का.

रामबागकर
कॅन ठेवला आहे. बेल्ट, पंप, टेन्शनर, पुढचं सील, पीसीव्ही, टॅपेट पॅकिंग, रेडिएटरचं झाकण, एवढी यादी घेऊन उद्या छोट्या ग्वालटोलीला जातेय. आकडा आधीच्या गॅरेजच्या आकड्याच्या पाव हिश्श्यातही बसतोय. हजार किलोमीटर झाले की ऑइलची नोंद इथेच टाकते.