ठिसूळ हाडं: पासष्टीनंतर सगळ्यांची तपासणी, की आधी मोडलेल्यांकडे लक्ष?

रानजाई:
जगात ठिसूळ हाडांमुळे वर्षाला सुमारे 89 लाख फ्रॅक्चर होतात, हा 2000 सालचा अंदाज. पन्नाशी ओलांडलेल्या तीन बायकांमागे एकीला आणि पाच पुरुषांमागे एकाला पुढच्या आयुष्यात हे भोगावं लागतं. तरीही 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेनं असंसर्गजन्य रोगांचा आराखडा केला, त्यात मुख्य आजार चारच: हृदयविकार, कर्करोग, श्वसनाचे जुने विकार आणि मधुमेह. आपला 2010 सालचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या नावानं. हाडं दोन्हीकडे बाहेरच.

खुबा मोडलेल्या वयस्कर माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया होतो, जखमा होतात, आणि शेवटी दाखल्यावर तेच लिहिलं जातं. हाडाचं नाव येत नाही, म्हणून मोजणीतही येत नाही. जे वाचतात त्यांच्यातले कित्येक आधीसारखे चालू शकत नाहीत. मग घरातली मुलगी किंवा सून नोकरी सोडते. तो खर्च कुठल्या तक्त्यात धरणार?

माझं स्पष्ट मत: पासष्टी गाठलेल्या प्रत्येक बाईची हाडांची तपासणी सरकारनं मोफत करावी. अमेरिकेत प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञ गटाची त्या वयाच्या स्त्रियांसाठी हाडांची घनता मोजण्याची शिफारस आहेच.

तालुक्याचा_डॉक्टर:
रानजाई, तळमळ पटते, उपाय पटत नाही. ही घनता मोजणारं डेक्सा मशीन आहे कुठे? माझ्याकडच्या आजींना त्यासाठी शहर गाठावं लागतं. सोबत एक माणूस हवा, त्याचा रोज बुडतो.

त्याहून मोठी अडचण त्या आकड्याची आहे. टी-स्कोअर (घनता तरुणपणीच्या सरासरीहून किती कमी, ते सांगणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार, ही रेघ 1994 साली ओढली गेली, तीही तरुण गोऱ्या बायकांच्या सरासरीवरून. अमेरिकेत दीड लाखाच्या आसपास बायकांचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात ज्यांची हाडं मोडली, त्यांतल्या 82 टक्के बायकांचा स्कोअर या रेघेपर्यंत घसरलेलाच नव्हता. म्हणजे ज्यांचं मोडणार आहे त्यांतल्या बहुतेकींना तुमची तपासणी 'ऑस्टिओपोरोसिस नाही' असं सांगून घरी पाठवणार. आणि रेघेखालच्या बाईला आपण आयुष्यभराची रुग्ण करून ठेवणार. ब्रिटनच्या तपासणीविषयक राष्ट्रीय समितीनं सरसकट तपासणीची शिफारस केलेली नाही, ती उगाच नाही.

रानजाई:
डॉक्टर, ब्रिटनमधलाच 2018 चा अभ्यासही सांगा ना. 70 ते 85 वयाच्या 12 हजारांवर बायका होत्या. तपासणीच्या गटात आधी प्रश्नावलीवरून धोका काढला आणि जास्त धोका दिसलेल्यांनाच मशीनकडे पाठवलं. एकूण फ्रॅक्चरमध्ये खास फरक पडला नाही हे खरं, पण खुब्याची फ्रॅक्चर 28 टक्क्यांनी कमी झाली. माणूस जातो तो खुब्यानं.

प्रश्नावली म्हणजे फ्रॅक्स, शेफिल्ड विद्यापीठानं 2008 साली आणलेली. वय, वजन, आधी हाड मोडलं होतं का, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, असे प्रश्न. घनतेचा आकडा नसला तरी चालते. आशाताई ती दारात बसून भरून घेऊ शकतात.

ओस्लोकर:
मी राहते त्या नॉर्वेत दूध भरपूर, उत्पन्न भरपूर, आणि खुब्याच्या फ्रॅक्चरचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत याची गणना होते. हरयाणातल्या रोहतक जिल्ह्याच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या एक लाख बायकांमागे वर्षाला 159 खुबे मोडलेले आढळले होते. इथलं प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा 'दूध प्या, हाडं सांभाळा' एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही.

पण म्हणून भारतानं निश्चिंत राहू नये. 1990 साली जगात 16.6 लाख खुबे मोडले होते. 2050 पर्यंत हा आकडा 62.6 लाखांवर जाईल आणि त्यातले निम्मे आशियात असतील, असं भाकीत 1992 सालीच केलं गेलं. कारण साधं आहे, तिथली माणसं आता म्हातारी होईपर्यंत जगतायत.

भीमाकाठ:
घनतेवर एवढी चर्चा आणि पडण्यावर एक ओळ नाही? खुब्याची 90 टक्क्यांहून जास्त फ्रॅक्चर पडल्यामुळे होतात. तोल सांभाळण्याचे आणि पायांची ताकद वाढवणारे व्यायाम केले तर पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी होतं, असं 2019 च्या मोठ्या आढाव्यात दिसलं. मोरीतलं शेवाळ, रात्रीचा अंधार, पिकलेला मोतीबिंदू, झोपेची गोळी. यातल्या कशालाही मशीन लागत नाही. पैसा आधी इथे घाला.

सुलभाकाकू:
माझ्या सासूबाईंचं मनगट मोडलं तेव्हा प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, 'बरं झालं' म्हणून घरी पाठवलं. उभ्या उभ्या पडून हाड मोडतं म्हणजे ते आतून कमजोर झालंय, हे कुणीही बोललं नाही. पुढे खुबा गेला. तपासणी सगळ्यांची करा नाहीतर करू नका, पण एकदा मोडलेली बाई समोर बसलेली असताना तिला तरी तसंच सोडू नका!

तालुक्याचा_डॉक्टर:
काकू, मला म्हणायचंय ते हेच. ग्लासगोमध्ये 1999 पासून ही पद्धत आहे. पन्नाशीपुढच्या कुणाचंही हाड मोडून तो दवाखान्यात आला की एक नर्स त्याची नोंद घेते, तपासणी आणि औषध सुरू होतंय ना ते पाहते. खुब्याच्या ऑपरेशननंतर 90 दिवसांच्या आत हाडांची झीज रोखणारं, वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू केलं, तर नवी फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी झाले, हे 2007 च्या चाचणीत दिसलं. एवढा फायदा हाती असताना तो बहुतेकांपर्यंत पोचत नाही. युरोपातसुद्धा 2019 साली उपचाराची गरज असलेल्या 71 टक्के स्त्रिया औषधाविना होत्या.

भीमाकाठ:
आणि या औषधांनी जबड्याचं हाड सडतं, मांडीचं हाड मधूनच तुटतं, त्याचं काय?

तालुक्याचा_डॉक्टर:
होतं, पण फार क्वचित. ज्याचा धोका खरंच मोठा आहे त्याला औषधाचा फायदा त्याहून कितीतरी जास्त मिळतो. ज्याचा धोका कमी, त्याला देऊच नये. मला काळजी वेगळी आहे. डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यावंच लागतं. ते मध्येच बंद केलं आणि दुसरं औषध दिलं नाही, तर एकामागून एक मणके दबू शकतात. झोलेड्रोनिक देण्याआधी किडनी आणि ड जीवनसत्त्व पाहावं लागतं, आणि ड ची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे. ज्या गावात पेशंट दोन वर्षांनी परत दिसतो, तिथे सरसकट तपासणी करून मी हजारो बायकांना औषधावर ठेवणार, आणि पाठपुरावा कोण करणार? प्लास्टरच्या खोलीत नोंदवही ठेवा, तिथून सुरुवात करा. तेवढं आत्ता झेपण्यासारखं आहे.

रानजाई:
नोंदवहीला माझी हरकत नाही, उद्याच सुरू व्हावी. पण मणक्याच्या फ्रॅक्चरचं काय? त्यांतली सुमारे दोन तृतीयांश कुणाच्या लक्षातही येत नाहीत. पाठ दुखते, उंची कमी होते, बाक येतो आणि घरचे म्हणतात वय झालं. ती बाई प्लास्टरच्या खोलीत कधी येणारच नाही. मणका एकदा दबला की पुढचा मोडण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्यापर्यंत कुणीतरी आपण होऊन जायला हवं, म्हणून पासष्टीचा आग्रह मी सोडणार नाही. आधी प्रश्नावली, मग गरज असेल तिलाच मशीन, हे मात्र मान्य.