मँडरिन मासा: घाई नको

ताई, तीन महिन्यांच्या ९० लिटरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) मँडरिन चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको.

तुमच्या प्रश्नावर एकांनी 'पाणी चांगलं असलं की झालं' असं लिहिलंय, ते मला पटत नाही. मँडरिन बहुतेक वेळा पाण्यामुळे नाही, उपासमारीने मरतो. फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या प्रवाळांत तो दिवसभर खडकावर टोचे मारत कोपेपॉडसारखे बारीक जीव टिपत असतो. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकून त्याचं भागत नाही. नव्या टाकीतले कोपेपॉड तो बघता बघता संपवतो आणि मग आठवडेच्या आठवडे झिजत जातो. रंग शेवटपर्यंत झळाळतात, म्हणून लक्षातही येत नाही. हे फार वाईट वाटतं बघायला. टाकीत सिक्सलाइन रास हा मासा असेल तर तोही त्याच खाण्यावर ताव मारतो.

त्याच्या अंगावर खवले नसतात, चिकट थर असतो. त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला तुलनेने कमी होतो. पण त्याने मूळ अडचण सुटत नाही.

टाकी वर्षभर मुरू द्या, लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले खडक) भरपूर ठेवा, जमलं तर रेफ्युजियम (कोपेपॉड निर्धास्त वाढतील असा वेगळा कप्पा) जोडा. मोठी टाकी घेता आली तर उत्तमच. घ्यायचाच झाला तर टाकीत पैदास झालेला, फ्रोझन, म्हणजे गोठवलेलं खाणं खाणारा बघा. दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, आणि पोट आत गेलेलं दिसलं तर घेऊ नका. दोन नर एकत्र तर मुळीच नकोत. नराच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा लांब असतो, त्यावरून ओळखता येईल.