व्हिलेज व्हॅनगार्डमधला तो रविवार
थेट मैफलीच्या ध्वनिमुद्रणात ग्लासांचा किणकिणाट आणि कुजबुज आली की रसभंग होतो, असे वर एका सदस्याने म्हटले आहे. माझ्याकडे सध्या रोज रात्री लागणाऱ्या जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या अल्बमबाबत मात्र माझा अनुभव नेमका उलट आहे. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात २५ जून १९६१ रोजी, रविवारी दुपारी आणि रात्री मिळून त्याच्या त्रिकुटाची पाच सत्रे मुद्रित झाली, हा अल्बम त्यातूनच निघाला. त्यातल्या ‘माय फूलिश हार्ट’ या रचनेत ड्रमवादक पॉल मोशनचा ब्रश झांजेवरून अलगद फिरत असताना मागे कुणीतरी खुशाल गप्पा मारत असते, आणि त्यामुळेच त्या जागेची खोली जाणवते. स्कॉट लाफारोचा बास (मोठे उभे तंतुवाद्य) नुसता ताल धरत नाही, तो पियानोशी बोलतो. या मुद्रणानंतर अकराच दिवसांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, लाफारो मोटार अपघातात गेला. त्यामुळे याच मुद्रणातून ‘डेबी’च्या आधी निघालेल्या ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ या अल्बममध्ये त्याच्या वादनाला प्राधान्य मिळाले, सुरुवातीची आणि शेवटची रचना त्याचीच आहे. नवख्या श्रोत्याने तरीही आधी ‘डेबी’च लावावी, असे मी सुचवेन.