वारलेल्या आजोबांच्या नावाने क्रेडिट कार्डाच्या ऑफर, हे बंद कसं करायचं?

महालकर_ताई:
आमचे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते, मिल 2002 मध्ये बंद पडली. आयुष्यात कर्ज काढलं नाही त्यांनी, पोस्टाचं पासबुक तेवढं होतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता एक खासगी बँक त्यांच्या नावाने पत्रं पाठवून राहिली, प्री-अप्रूव्ह्ड कार्ड, विमानतळावर लाउंज फ्री, परदेशात खर्च केला की डबल पॉइंट. आजी दरवेळी विचारते "ह्यांचं काय आलं गं", आणि मग दिवसभर गप्प बसते. फार संताप येतो. डीएनडी (नको असलेल्या जाहिराती बंद करायची फोनवरची नोंदणी) लावलं तर थांबते का हे?

प्रतापनगर_440022:
ताई, आमच्याकडे तर पोरीच्या नावाने आलं होतं, ती पाचवीत आहे! मॉलमध्ये लकी ड्रॉचं कूपन तिनंच भरलं होतं, नाव पत्ता सगळा तिथूनच गेला असं आम्हाला वाटते. 18 च्या आतल्या पोराशी करारच होत नाही कायद्यानं, तरी पत्र येतेच.

निवृत्त_बँकवाला:
ताई, 1909 नंबरवरचं डीएनडी फक्त कॉल आणि एसएमएससाठी असते, कागदी पत्राला त्याचा काही उपयोग नाही. पाकीट फोडू नका, वर "प्राप्तकर्ता मृत, परत पाठवा" लिहून पोस्टमनजवळ द्या. आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा की नाव यादीतून काढा आणि हा पत्ता कुठून घेतला ते लेखी सांगा. मृत्यू दाखल्याची झेरॉक्स मागितली तर तिच्यावर आडवं लिहून द्या, "फक्त नाव वगळण्यासाठी".

पण उद्या खरंच कार्डच घरी आलं तर ती गोष्ट वेगळी, तिथं सोडायचं नाही. आरबीआयच्या नियमांप्रमाणे न मागता कार्ड देताच येत नाही, आणि तसं देऊन बिल लावलं तर बँकेला ते रद्द करावं लागते, वरून त्याच्या दुप्पट दंड द्यावा लागते. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर आरबीआय लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाका, फी लागत नाही, माहितीसाठी 14448 नंबर आहे. संविधान चौकातल्या आरबीआयच्या इमारतीत चकरा मारू नका, कागदी तक्रारी चंदीगडला जातात.

आजोबांचं पॅन होतं का?

महालकर_ताई:
नाही काका, पॅन काढलंच नव्हतं. पत्रावर घर नंबरही जुनाच आहे, तो बदलून कितीतरी वर्षं झाली.

निवृत्त_बँकवाला:
मग पॅनवरून कर्जाचं रेकॉर्ड कुणी तपासलंच नाही, कुठून तरी जुनी पत्त्यांची यादी उचलली आणि छापून टाकलं. अप्रूव्ह काय केलं त्यांनी? ईमेलमध्ये हेच विचारा, पॅन नसलेल्या मयत माणसाला कोणत्या आधारावर मंजुरी दिली. आजींना सांगा की पैशाचा काही धोका नाही.

महालकर_ताई:
धन्यवाद काका, आज रात्रीच ईमेल टाकते. पोस्टमनदादांनाही सांगून ठेवते की असं पाकीट आलं तर आजीच्या हातात देऊ नका, माझ्याजवळच द्या.