फक्त कामाचे मेसेज (ए-बी-सी विंग): जॅकवरची गाडी

रविवार

ए ३०४ काकू: नमस्कार. बी विंगखाली सकाळपासून एक गाडी नुसत्या जॅकवर उभी आहे. पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलंय. मालकांचा पत्ता नाही आणि मुलं तिथेच क्रिकेट खेळताहेत. ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या तेव्हाही मीच बोलले आणि वाईटही मीच ठरले, तरी सांगते.

बी १०२: काकू, माझीच आहे. ब्रेक पॅड बदलतोय, पाच मिनिटं वर आलो होतो. जॅक नवा कोरा आहे, २ टनी ट्रॉली जॅक. गाडी हजार किलोचीसुद्धा नाही. काही होत नाही.

सी ४०१ काका: "काही होत नाही" हे जॅकच्या सीलला सांगून या. हायड्रॉलिक जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. सगळा भार एका रबरी सीलवर आणि मसुराएवढ्या बॉल व्हॉल्व्हवर असतो. व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला तर गाडी हळूहळू बसते. सील फाटलं तर एकदम. २ टनी असो की ३ टनी.

ए ३०४ काकू: धन्यवाद काका 🙏

ए १०१ खजिनदार: त्या खांबावरचा प्लग कॉमन मीटरवर आहे याची नोंद घ्यावी.

बी १०२: सर, जॅकला वीज लागत नाही.

ए ६०१: 😂😂

सी ४०१ काका: १०२, गाडी उचलल्यावर खाली टेकवायचे लोखंडी स्टँड आहेत का? नसतील तर चाक आधी लावा, बाकी नंतर बोलू. नाना पेठेत ३ टनी स्टँडची जोडी सहज मिळते. उंची दात्यांवर अडकवणारे नको, आरपार पिनचे घ्या. आणि आपल्या पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत हे लक्षात ठेवा. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे वरची बशी पुढे-मागे सरकते आणि तेवढाच जॅक चाकांवर गडगडावा लागतो. ब्लॉकच्या सांध्यात त्याची लोखंडी चाकं अडकली की जॅक जागेवर राहतो, बशी सरकते आणि गाडी घसरते. खाली १८ मिमीचा प्लाय टाकायचाच. स्टँडखालीही, नाहीतर पाय ब्लॉकमध्ये रुततात.

बी १०२: स्टँड उद्या येताहेत. चाक लावलं, गाडी खाली घेतली. झालं समाधान?

ए ३०४ काकू: माझ्या समाधानाचा प्रश्न नाही हो. मुलं सगळ्यांचीच आहेत.

सेक्रेटरी: सर्वांनी संयम ठेवावा ही विनंती. पार्किंगमध्ये किरकोळ दुरुस्तीला हरकत नाही, दुपारी २ ते ४ आवाज नको, एवढंच ठरलेलं आहे.

बी ५०३: १०२, पुढच्या वेळी हाक मार. मी कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच घेतलाय. ब्रशलेस, अर्धा इंच ड्राइव्ह, ४८ व्होल्ट. चाकाचा नट दोन सेकंदांत.

सी २०२ ताई: ४८ व्होल्ट? बॅटरी उघडली तर आत सेलच्या एका ओळीत पाचच सेल निघतील. प्रत्येकी ३.६ व्होल्ट म्हणजे १८, पूर्ण चार्ज झाल्यावर २१. मोठ्या कंपन्यांचं "२० व्होल्ट मॅक्स" हेही तेच पाच सेल. ४८, ८८, ९८ हे नुसते स्टिकरवरचे आकडे. व्होल्टेज बघू नका. अँपिअर-अवर बघा आणि तीच बॅटरी त्या कंपनीच्या ड्रिलला, जिगसॉला बसते का ते बघा. नाहीतर दर हत्याराला वेगळा चार्जर.

बी ५०३: ताई, स्टिकरवर ४८ व्हीएफ लिहिलंय.

सी २०२ ताई: त्या "एफ"चा अर्थ विक्रेत्याला विचारा, मलाही कळवा.

ए ६०१: एफ म्हणजे फसवणूक.

बी ५०३: नट निघतात ना? मग झालं.

सी ४०१ काका: निघतात, पण सॉकेट, म्हणजे नटावर बसणारी टोपी, कुठला लावलाय? चकचकीत क्रोमचा असेल तर आजपासून बंद. तो हाताच्या रॅचेटसाठी, क्रोम व्हॅनेडियमचा, कडक. इम्पॅक्टच्या ठोक्यांनी तडकतो आणि तुकडा डोळ्याकडे येतो. इम्पॅक्टचा सॉकेट काळा असतो, क्रोम मॉलिब्डेनमचा, जाड भिंतीचा. आणि सहा कोनी घ्या. बारा कोनी सॉकेट नटाला टोकांवर धरतो, नट गंजलेला असला की टोकं गोल होतात, मग छिन्नी-हातोडा. मारुतीला १९ चा, ह्युंदाईला २१ चा, एवढे दोन काळे घेतले तरी निम्म्या पार्किंगचं काम होतं.

ए १०१ खजिनदार: चार्जर कुठे लावता? प्लग कॉमन मीटरवर आहे.

बी ५०३: घरी लावतो हो. आणि खाली जरी लावला तरी १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॉट-अवर. गळती धरून एका युनिटचा दहावा भाग. रुपया-दीड रुपया होईल, ऑनलाइन पाठवू का?

ए १०१ खजिनदार: प्रश्न रुपयाचा नाही, तत्त्वाचा आहे.

बी ३०१: आज टँकर येणार आहे का?

सेक्रेटरी: ४ वाजता. कृपया विषयाला धरून बोलावे.

बी ५०३: पुढचा विषय तोच. २४ लिटरचा कॉम्प्रेसर बघून ठेवलाय, १ एचपी. पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवला तर सगळ्यांनाच हवा भरता येईल.

ए १०१ खजिनदार: कॉमन मीटर!!

सी ४०१ काका: इथे मात्र खजिनदारांचं म्हणणं रास्त आहे, कारण वेगळं. १ एचपीची मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पार्किंगचे दिवे आणि तो प्लग एकाच सर्किटवर असले तर एमसीबी पडेल आणि दिवेही जातील. १६ अँपिअरची वेगळी लाइन हवी. शिवाय टाकीत दमट हवा दाबली की पाणी साचतं. खालचा ड्रेन कॉक वापरानंतर दर वेळी उघडायचा, नाहीतर टाकी आतून गंजून पातळ होते आणि ८ बारला पातळ टाकी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सामायिक वस्तूचा कॉक कोण उघडणार? ऑइल-फ्रीवाला असेल तर आवाज असा की तळघरात बोलणं ऐकू येणार नाही.

सी २०२ ताई: हवा भरायला गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा पंप पुरतो. दहा मिनिटं चालवून दहा मिनिटं थंड होऊ द्यायचा. कॉम्प्रेसर स्प्रे गन किंवा नेलर चालवायचा असेल तरच.

ए ६०१: आपल्याकडे सामायिक वस्तूंचं काय होतं ते शिडीला विचारा.

सी २०२ ताई: शिडीचं राहू द्या, गणपतीच्या मंडपाला माझा रोटरी हॅमर नेला होता. हॅमर आला, ६ मिमीचा एसडीएस बिट अजून यायचाय. कुणी नेला ते मला माहीत आहे, नाव घेत नाही.

ए ६०१: ताई, मी आणून देणार आहे.

सी २०२ ताई: नाव मी घेतलंच नव्हतं.

सी २०२ ताई: विषय निघालाच आहे तर, बी विंगमध्ये कुणीतरी आतल्या भिंतीला हॅमर मोडवर भोकं पाडतंय. आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या आहेत. हॅमरने ६ चं भोक ९ चं होतं, स्क्रू धरणारा नायलॉनचा फिशर आत नुसता फिरतो. हॅमर बंद, साधा ड्रिल, हळू. भोक पाडून भुकटी फुंकून काढायची आणि एएसीचेच लांब पंख्यांचे फिशर वापरायचे. बोहरी आळीत मिळतात. हॅमर फक्त आरसीसीला, आणि कॉलम-बीमला हात लावायच्या आधी सेक्रेटरींना विचारा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली कुठेच भोक नको, वायर तिथूनच जाते.

सेक्रेटरी: अत्यंत महत्त्वाचे 👆 सर्वांनी वाचावे.

ए १०१ खजिनदार: तसेच प्लगचा मुद्दाही वाचावा. कॉमन मीटरवर आहे.

बी १०२: काका, आता टॉर्कचं सांगा, नट किती जोराने आवळायचे ते. क्लिकवाला टॉर्क रेंचही आणलाय, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा. गाडी ह्युंदाई, चार नट.

सी ४०१ काका: हे काम नीट केलंत. गाडीचं पुस्तक बघून खात्री करा. ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांना सहसा ११ ते १३ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे १०८ ते १२७ न्यूटन-मीटर असतं. ११० वर लावा. नट आधी हाताने तीन-चार आटे जाऊ द्यायचे, मग समोरासमोरच्या क्रमाने साध्या पान्याने बसवायचे, गाडी खाली घ्यायची आणि मग टॉर्क. एकच क्लिक. दुसऱ्यांदा "खात्रीसाठी" ओढलं की जास्त बसतं. नट ज्यावर बसतो त्या स्टडला तेल-ग्रीस लावू नका, घर्षण कमी होतं, तेवढ्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. ५०३, तुमच्या इम्पॅक्टने नट काढा, बसवू नका.

सी ४०१ काका: टॉर्क रेंचने नट सोडवायचा नाही, त्यासाठी लांब दांड्याचा पाना. काम झालं की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर, म्हणजे २८ वर आणून ठेवा. त्याखाली नाही. ११० वर तसाच पडला तर स्प्रिंग बसते आणि वर्षाने ११० चे खरे किती हे कुणालाच सांगता येत नाही.

बी १०२: ११० ला चारही क्लिक झाले. पॅड उद्या स्टँड आल्यावर.

सी ४०१ काका: उद्या नवे पॅड बसवायला ब्रेकचा पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल करा, पातळी वर येते. सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं. आणि कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारा ब्रेकचा भाग, ऑइलच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा.

ए ३०४ काकू: गाडी खाली आली हे बरं झालं. पण ब्लॉकवर तेलाचा ओघळ कसला? मुलांचे पाय भरले.

सी ४०१ काका: जॅकचा असणार. १०२, पिस्टनचा दांडा पुसून बघा. वरच्या झाकणाखालच्या रबरी बुचातून येत असेल तर कारखान्यात तेल जास्त भरलंय, थोडं काढा, रिलीज व्हॉल्व्ह उघडून पंधरा-वीस वेळा पंप मारा, हवा जाईल. दांड्यावरून येत असेल तर सील गेलं, उद्याच दुकानात परत. आणि त्यात ब्रेक ऑइल ओतू नका, सील फुगतात.

बी १०२: दांड्यावरून येतंय.

ए ६०१: नवा कोरा.

सी ४०१ काका: बिल जपून ठेवलंय ना?

सी २०२ ताई: ओघळावर लाकडाचा भुसा टाका, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडा. रंध्याखालचा गोणीभर पडलाय माझ्याकडे. घेऊन जा, पण गोणी परत हवी. ६०१ ला पाठवू नका.