मंडईत भाजी खरंच स्वस्त आणि ताजी मिळते का? आपापले अनुभव लिहा

शुक्रवारातली
परवा सासूबाई आल्या होत्या, ॲपवरून आलेली मेथी बघितली आणि म्हणाल्या, अगं ही जुडी आहे की गजरा? तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. माझं माहेर शुक्रवार पेठेत, रविवारी सकाळी बाबांच्या मागे दोन पिशव्या घेऊन मंडईत जायचं हे ठरलेलं. बाबा पहिली फेरी रिकाम्या हातानं मारायचे, पिशवी उघडायचीच नाही, नुसतं बघायचं, भाव कानावर घ्यायचे, आणि मग दुसऱ्या फेरीत घ्यायला सुरुवात. मला तेव्हा भयंकर कंटाळा यायचा. आता बाणेरला राहते, दहा वर्षांत चारदोनदाच गेले असेन. पुण्याच्या मंडईत किंवा तुमच्या गावच्या अशाच छपराखालच्या बाजारात नेमानं जाणाऱ्यांनी सांगा, परवडतं का? कधी जाता, काय घेता, कुठे फसलात?

जुनापुराणा
चाळीस वर्षं जातोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल. ही इमारत 1886 ची, तेव्हा रे मार्केट म्हणायचे, गव्हर्नर लॉर्ड रे याच्या नावावरून. गंमत अशी की नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन नाव दिलं ते फुल्यांचंच! असो. मुद्द्याचं म्हणजे पिशवी भरायचा क्रम. आधी कांदे, बटाटे, नारळ, मग फ्लॉवर-गाजर, मग वांगी-टोमॅटो, पालेभाजी सगळ्यात शेवटी. हसू नका, टोमॅटो आधी घेऊन वर बटाटे टाकणारे नवरे मी रोज बघतो. कांदा साठवायचा असेल तर उन्हाळ्यात निघणारा गरवा घ्या, पाती नीट वाळलेली, मान बारीक झालेली. पावसाळ्यानंतर येणारा लाल हळवा कांदा आठवड्यापुरताच, तो टिकत नाही, स्वस्त दिसला म्हणून दहा किलो घेतलात तर बाल्कनीत वास सुटेल. बटाट्याला हिरवी झाक दिसली की बाजूला. नारळ कानापाशी हलवून बघायचा, पाणी वाजलं पाहिजे, आणि डोळे कोरडे हवेत.

हिशेबी माणूस
मी विरुद्ध बाजूनं लिहितो. आम्ही घरात दोघं. कोथरूडहून रिक्षानं गेलो आणि आलो तर तेवढ्या पैशात आठवड्याची भाजी कोपऱ्यावर येते. गाडी नेली तर पार्किंगसाठी अर्धा तास घिरट्या. आणि फसवणूक म्हणाल तर गेल्या हिवाळ्यात एका ठिकाणी दोन किलो मटार घेतला, वर हिरव्यागार भरलेल्या शेंगा, घरी सोलायला बसलो तर खालच्या निम्म्या पोपटी आणि चपट्या. त्याआधी एकदा अंजिरांचं तेच, वरचा थर बघण्यासारखा, खालचा फेकण्यासारखा. तेव्हापासून बायको म्हणते तुम्ही जाऊच नका. स्वस्त वगैरे जुन्या आठवणींचा परिणाम आहे.

रूम नंबर सात
आम्ही चौघं रूमवर हातानं करून खातो त्यामुळे आम्हाला मंडई म्हणजे लॉटरी. रात्री साडेआठच्या सुमाराला जायचं, बाहेरच्या बाजूला पालेभाज्यावाल्या आवरायला लागलेल्या असतात, कोथिंबीर दहाला दोन, पालक दहाला दोन, कधी कधी मावशी स्वतःच म्हणते घेऊन जा रे बाळांनो परत कुठं नेऊ. वांग्या-टोमॅटोचे वाटे लावलेले असतात, त्यात एखादं किडकं निघणार हे धरूनच चालायचं. फक्त त्याच रात्री निवडून ठेवायचं नाहीतर सकाळी चिखल, हे आम्ही तीन वेळा मेथी फेकल्यावर शिकलो.

गाळ्यावरची
हे सगळं वाचून राहवलं नाही. माझी आजी मंडईत बसायची, नंतर मामी. शाळेला सुट्टी असली की मी पण ओट्यावर, काट्याच्या शेजारी. तर तिकडची बाजू ऐका.

मामा पहाटे चारला मार्केट यार्डात, म्हणजे घाऊक बाजारात, जायचा. तिथे माल पोत्यानं, डागानं, क्रेटनं घ्यायचा, वर हमाली, टेम्पो. त्यातून सडकं-दबकं निघणार ते आमच्या गळ्यात, गाळ्याचं भाडं वेगळं. मग सकाळी पहिल्या मालाचा भाव चढा का, तर तो निवडलेला असतो. दुपारपर्यंत लोक चांगलं चांगलं उचलून नेतात, उरलेल्याचा भाव आपोआप उतरतो. म्हणजे सकाळी जास्त पैसे देणारा फसत नाही आणि रात्री कमी देणारा हुशारही ठरत नाही, दोघं वेगळा माल घेतायत.

शनिवारी मार्केट यार्डाचा भाजीविभाग बंद असतो, त्यामुळे शनिवारी मंडईत दिसणारं बरंचसं शुक्रवारचं. ताजं हवं तर रविवारी सकाळी या, गर्दी सोसा. संक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीला लागतं ते सगळं, पावटा, घेवडा, हरभरा, गाजर, वांगी, दोन दिवस आधी चढतं आणि सण उलटला की पडतं. श्रावणात पालेभाजी महाग असतेच, पावसानं अर्धी शेतातच सडते, तेव्हा आमच्यावर चिडू नका.

आणि घासाघीस. पहिल्या भवानीला कुणी तोंड वाकडं करून भाव पाडला की आजी दिवसभर धुसफुसायची. टोमॅटो अंगठ्यानं दाबून बघणारे तर आमचे शत्रू, दाबायचा हा आणि डाग पडणार माझ्या मालाला. पण एकाच गाळ्यावर वर्षानुवर्षं येणारी काकू असली की आजी स्वतः सांगायची, आज भेंडी नको घेऊ, जून आहे, गवार ने. पाव किलोला वर मूठभर पडायची ती वेगळीच. हिशेबी दादा, तुम्ही चार महिन्यांनी एकदा जाता, दरवेळी नवा गाळा, मग खालची शेंग कोणाच्या पिशवीत जाणार सांगा बघू.

हिशेबी माणूस
बरोबर आहे पण हे म्हणजे चोरानं सांगावं की ओळख वाढवा मग चोरी नाही करणार. 😀 गंमत करतोय, राग नसावा. मटाराला वेळ कुठली बरी?

गाळ्यावरची
राग कसला, आजीनं ऐकलं असतं तर राग आला असता. मटार डिसेंबर-जानेवारीत. शेंग हातात घेऊन वाजवा, दाणे खुळखुळले तर ती जून. आणि सोलल्यावर निम्म्याहून कमी वजन भरतं, ते धरूनच भाव करा. शेंगांत हात घालून तळातून मूठ काढून बघायला कोणी नाही म्हणत नाही, म्हटलं तर पुढच्या गाळ्यावर जा.

मांडवीकाठ
पणजीच्या मार्केटातला अनुभव. आमच्याकडे बऱ्याच गोष्टी अजून वाट्यावर, वजनात बोलायचं नाही. पावसाळ्यात रानातली अळमी, म्हणजे मशरूम, येतात ती तर पानात बांधून, मोजून. भाव ऐकून घाम फुटतो तरी वर्षातून एकदा घेतोच, हा काही काटकसरीचा सल्ला नव्हे. ताळगावची वांगी आली की मात्र मी दुसरं वांगं घेत नाही. मानकुराद आंबा सुरुवातीला डझनाचा भाव विचारायचा आणि पुढे चालू लागायचं, मे मधे परत यायचं. बायका गावातून स्वतःच्या परसातलं घेऊन येतात त्यांच्याकडे लाल भाजी, मुळा, भेंडी थोडीच असते, दिसायला ओबडधोबड. मी तिथेच घेते.

फोर्टातून
क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आमचीही महात्मा फुले मंडईच, इमारत 1869 ची. फळांसाठी जा, पण एकट्यासाठी नको. ऑफिसातले पाचजण मिळून आंब्याची पेटी घेतो आणि जिन्यात वाटून घेतो. अर्धा डझन मागितला की भाव तोच जो नाक्यावर. देवगड छापलेल्या खोक्यात देवगडचाच आंबा असतो असं नाही, खोकं कोणीही छापतं, वास देठापाशी घ्या.

पिंपरीवाला
2024 च्या सप्टेंबरात मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झालं तेव्हापासून पार्किंगचा विषय संपला. पिंपरीहून थेट गाडी. फक्त भरलेल्या दोन पिशव्या घेऊन ऑफिस सुटायच्या वेळेला चढू नका, एकदा माझ्या कोथिंबिरीची चटणी झाली. कापडी पिशव्या घरूनच न्या.

शुक्रवारातली
धाग्यावर सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून रविवारी गेलेच, सासूबाईंना घेऊन. सव्वासातला पोचलो. पहिली फेरी रिकाम्या हातानं. चाकवत आणि अंबाडी मिळाली, आमच्याकडे ॲपवर ही नावं पण नाहीत. फ्लॉवर, गाजर, आलं नक्कीच स्वस्त पडलं, टोमॅटो मात्र सोसायटीच्या दाराशी मिळतो त्याच भावात, म्हणजे हिशेबी माणूस अगदीच चुकीचे नाहीत. मटार बघून सासूबाईंचा तोल गेला, तळातून मूठ काढून, वाजवून, खाऊन बघून सात किलो घेतला. काल दुपारपासून घरात सगळे सोलतायत, मुलगा अर्धा खातोय, नवऱ्याला अचानक ऑफिसचा कॉल आलाय. अजून दोन किलो बाकी आहे, बाणेर परिसरात कोणी सोलायला येत असेल तर चहा माझा.