रीबस गुप्तहेर की फौजदार?

तापीकाठ: इयान रँकिनची रीबस मालिका वाचतोय, रीबस नावाच्या पोलीस डिटेक्टिव्हच्या इंग्रजी कादंबऱ्या. १९८७ च्या पहिल्या पुस्तकात तो सार्जंट, पुढच्यात इन्स्पेक्टर. जळगावच्या मावशीचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून रोज रात्री फोनवर तिला मराठीत सांगतो. डिटेक्टिव्हला 'गुप्तहेर' म्हटलं तर म्हणे, हा वेष पालटून पाकिस्तानात जातो का रे? आता हा बाबा एडिंबरात ओळखपत्र दाखवून दारं ठोकतो, यात गुप्त काय? बरं स्वभावाला तरी काय म्हणू, संसार मोडलेला, ऑक्सफर्ड बारमध्ये पडीक, साहेबांशी कायम वाकडं. 'त्रस्त' म्हटलं की पाणीटंचाईच आठवते.

कळण्याची भाकर: मुळात हेर कधी उघड असतो का? गुप्त+हेर म्हणजे डबल झालं. 'अन्वेषक' म्हणा, सीआयडी म्हणजे गुन्हे अन्वेषण विभागच की.

अमळनेरी: अन्वेषक बोलतं कोण भो? पाटीवर स्थानिक गुन्हे शाखा असू दे, गाडी आली की लोक 'एलसीबीवाले आले'च म्हणतात. सरळ फौजदार करा. आणि स्वभावाला आमची आजी म्हटली असती, डोकं फिरेल शे त्यानं.

तापीकाठ: फिरेल म्हणजे वेडा झाला ना, हा कातावलेला आहे. आणि फौजदार म्हणजे पीएसआय, हा इन्स्पेक्टर.

शिरपूरकर: आजोबांच्या तोंडी छोटा फौजदार, मोठा फौजदार असं असायचं. मोगलाईत फौजदार म्हणजे खरोखर फौज बाळगणारा अंमलदार, आता सहायक फौजदार म्हणजे एएसआय, काय डिमोशन आहे शब्दाचं! पण खरा डिटेक्टिव्ह आमच्या गावचा जागल्या, म्हणजे गावचा राखणदार. आजोबांचा बैल चोरीला गेला तर नदीच्या वाळूत खूर बघून म्हणाला, मागचा डावा पाय ओढतोय, हा आपलाच. त्याला 'माग काढणारा' म्हणायचे.

कळण्याची भाकर: फारसी फौजदार चालतो तर डिटेक्टिव्हने काय घोडं मारलंय? म्हणजे मला तोही नकोच, पण न्याय सारखा लावा.

अमळनेरी: डिटेक्टचं लॅटिन मूळ आच्छादन काढणं, छप्पर काढणं असं आहे म्हणे. आपल्याकडे कौलं काढून घरात शिरतो तो चोर 😄

तापीकाठ: मावशीने तोवर नाव ठेवून टाकलं. काल फोन उचलताच, "तुझा दारुड्या जेवला का काही?"

कळण्याची भाकर: ते राहू द्या, शिरपूरकर, बैल सापडला का?

शिरपूरकर: सापडला ना, चोपड्याच्या बाजारात. शिंगं रंगवून उभा केला होता.